ताईला दिलेली पुस्तकं

मला एक खोड आहे आणि ती माझ्यापेक्षा माझ्या जवळच्यांना जास्त भोगावी लागते. पुस्तक आवडो की सिनेमा, तो दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. अमरावतीच्या ऑफिसात होतो तेव्हा मी डबा घेऊन टेबलाशी आलो, की दोघा-तिघांना एकदम कामं आठवायची. बायकोला सिनेमा दाखवायला बसवतो आणि स्वतः पडद्याऐवजी तिच्या तोंडाकडे बघत बसतो. आता हसेल, आता हिच्या डोळ्यात पाणी येईल. एकदा ऐन मोक्याच्या जागी ती मेथी निवडायला लागली, तर मी सिनेमा थांबवून ठेवला. ती म्हणाली, सिनेमा दाखवून राहिले का परीक्षा घेऊन राहिले? दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. आता मलाच त्याचं हसू येतं, पण तेव्हा खरंच डोकं फिरलं होतं.

ताईच्या बाबतीत मात्र ही नुसती खोड नव्हती.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई बारा वर्षांची. ती सातवीत होती, वर्गात पहिली यायची. त्या वर्षी तिची शाळा सुटली ती सुटलीच. चुलीपुढे ती बसली आणि दप्तर घेऊन मी गेलो. बाप वावरात मजुरीला जायचा, घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे हे असं का, हे कोणी कोणाला विचारलं नाही. पुढं मी अमरावतीला होस्टेलवर राहून शिकलो, नोकरीला लागलो. ती तेल्हाऱ्याला दिली, कपाशी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात.

तर जे तिच्या हातून सुटलं ते मला तिला द्यायचं होतं. साडीचोळी सगळेच देतात. मी पुस्तकं न्यायचो. दर भाऊबीजेला एक, आणि मग दर रविवारी फोन करून विचारायचो, कुठवर आलं? ती म्हणायची, वाचून राहिली नं भाऊ. पुढच्या खेपेला पुस्तक माझ्या पिशवीत परत, कोरं करकरीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. छान आहे, म्हणायची. काय छान आहे ते काही सांगायची नाही. मीही फार खोदून विचारत नव्हतो, कारण मला तेवढं 'छान'सुद्धा पुरत होतं.

मागच्या दिवाळीत मी ठरवलं, आता माझी सगळ्यात लाडकी कादंबरी द्यायची. नवी प्रत काही मिळेना. अमरावती पालथी घातली, अकोल्यातली दुकानं पाहिली. शेवटी माझीच होस्टेलच्या दिवसांतली प्रत दिली, पाठपुठ्ठा निघालेली. देताना जीव थोडा खालीवर झाला, खोटं कशाला बोलू. ही प्रत मी बायकोलाही घराबाहेर नेऊ दिली नव्हती.

दीड महिन्यानं एका रविवारी मी विचारलं, झालं का? ती झालं म्हणाली. शेवट कसा वाटला? तर म्हणते, शेवटी लग्न झालं त्यायचं, बरं झालं माय.

त्या कादंबरीत कोणाचंच लग्न होत नाही. शेवटच्या पानावर तर तो माणूस एकटा स्टेशनवर उभा आहे.

मला इतका राग आला की कान गरम झाले. वाचायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं, मी म्हणालो. इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोलत आलीस, मला काय येडा समजतेस काय? आणखीही बोललो, ते इथं लिहवत नाही. तिकडून ताई एवढंच म्हणाली, ठेवतो भाऊ, आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी तिनं फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. भाच्यानं उचलला आणि आई बुद्धविहारात गेली म्हणून सांगितलं. भर दुपारी बारा वाजता कोण विहारात जातं?

ज्या माणसानं मला वाढवलं त्याला मी एका पुस्तकापायी तोंडाला येईल ते बोललो होतो. सख्खी म्हणावी अशी तेवढी एकच उरली आहे मला. सोमवारी सकाळी अकोल्याची गाडी पकडली, तिथं बदलून दुपारपर्यंत तेल्हारा गाठलं.

ताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ये म्हणाली, उठली, पाणी आणलं. माझ्याकडे बघत मात्र नव्हती. मी माफी मागायची म्हणून वाक्य जुळवत बसलो आणि तेवढ्यात ती आत जाऊन पुस्तक घेऊन आली. आता हे परत देणार आणि विषय संपवणार, असं मला वाटलं.

तिनं चष्मा लावला. मग खाली बसून, शेंगा बाजूला सारून, ते माझ्यापुढं उघडलं.

म्हणाली, "तुये पुस्तकं मले नाई कयत रे. लई लांब लांब वाक्य असतात. पन याच्यात तुयं अक्षर होतं, तेवढं मी सगळं वाचलं."

मी विसरूनच गेलो होतो. होस्टेलला असताना वही-डायरी असलं काही माझ्याकडे नसायचं. मनात येईल ते हातातल्या पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं लिहायचो. ताईनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, गोष्ट सोडून, फक्त ती कड वाचली होती. कुठं पाऊस, कुठं परीक्षा, कुठं कोणाशी भांडण. जिथं लिहिलेलं होतं तिथं तिथं तिनं कापसाच्या वातीचा तुकडा घालून ठेवला होता.

एका पानावर तिनं बोट ठेवलं. पेन्सिल पुसट झाली होती, पण अक्षर लागत होतं. 'तीन दिवस ताप. जेवण जात नाही. ताईला कळवायचं नाही. ती आली तर मी तिच्यासोबत निघून जाईन, मग परत येणार नाही.'

"मले तर पत्र धाडलं होतं तू. मजेत हावो म्हनून," ती म्हणाली. "अन् मले म्हनते खोटी."

मान खाली घालून मी तुरीच्या टरफलांकडे बघत राहिलो. ताई रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. हे पुस्तक काही ती परत देणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. मी मान हलवली. तिनं पान मिटलं नाही. बोट तसंच त्या ओळीवर ठेवून माझ्याकडे बघितलं, आल्यापासून पहिल्यांदा.

"मंग जेवला कवा तू?"

चाळीस वर्षं होऊन गेली त्याला. मी आठवून सांगितलं, चौथ्या दिवशी, रात्री. होस्टेलच्या रेक्टरच्या बायकोनं खिचडी पाठवली होती. ताईनं विचारलं, खाल्ली का पोटभर? मी हो म्हणालो. मग तिला खोटं सांगवेना, म्हणून म्हणालो, दोन घास खाल्ले आणि तुझी आठवण आली, बाकीची ठेवून दिली.