आईच्या नवसाचे दंडवत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे. ज्यांनी उसाच्या फडात राबून मला शिकवलं, त्यांच्यासाठी चढतो तो.

सांगलीच्या एका रुग्णालयात मी हाडांच्या ठिसूळपणावर संशोधन करते. उतारवयात हाड आतून पोखरत जातं. बाहेरून दिसत नाही, दुखतही नाही, आणि एक दिवस न्हाणीच्या दारात पाय घसरून खुबा मोडतो. अशा बायका वर्षभरानं कशा आहेत, ते त्यांच्या घरी जाऊन बघायचं, हे माझं काम. दारात त्या बाईचं नाव घेऊन विचारलं की पुष्कळदा सून भिंतीकडे बघते. तिथं हार घातलेला फोटो असतो. चहा मात्र घ्यावाच लागतो.

मागच्या थंडीत आईला सांगलीला नेऊन तिच्या हाडांची घनता मोजली. बरेच महिने ती कुरकुरत होती की हल्ली लुगडी पायात येतात, दुकानदार फसवतो. लुगडी तेवढीच होती, मणके दबून आई बुटकी झाली होती. यंत्राच्या पडद्यावर तिच्या खुब्याचा आकडा आला तेव्हा शेजारच्या सहकाऱ्यानं पडदा माझ्याकडं वळवला. मला काही समजावून सांगावं लागणार नव्हतं.

गोळ्या सुरू केल्या, इंजेक्शन ठरवलं. आणि नेमकं तेव्हाच आईनं नवसाचं काढलं.

मी बारावीला असताना ती गावच्या भैरोबाला बोलली होती, पोरीच्या नावामागं डॉक्टर लागलं की घरापासून देवळापर्यंत दंडवत घालीन. मला पीएचडी मिळाली आणि नवस फळला. आमच्या कोरेगावकडं दंडवत म्हणजे नुसतं हात जोडणं नव्हे. अंघोळ करून ओल्या लुगड्यानं रस्त्यावर पालथं पडायचं, हात पुरेल तिथं नारळ ठेवायचा, उठून नारळापाशी जायचं, पुन्हा पडायचं. आमच्या उंबऱ्यापासून देऊळ म्हणजे अख्खी आळी आणि वर चढ.

मी रिपोर्ट दाखवला, रागावले, शेवटी गुरवाकडं गेले. तो बिचारा म्हणाला की देव समजून घेतो, लेकीनं घातले तरी पोचतात. आईला ते पटलं नाही.

"तोंड माजं बोललंय, अंग बी माजंच लागंल," ती म्हणाली. "तुजं डाक्टरपण माज्या नवसाचं, आन् मलाच शिकिवतीस व्हय?"

धाकटा भाऊ तिच्याच बाजूचा. त्याची म्हैस पावसाळ्यात गाभडली होती आणि दोघांनी ते न फेडलेल्या नवसाच्या खात्यावर टाकलं होतं. "अगं ताई, ती आजून वैरणीचा भारा उचलती," तो म्हणाला. त्याला कसं सांगू, मी भेटलेल्या बायकाही भारे उचलतच होत्या.

मग मी अटी घातल्या. वाटेवर घोंगडी अंथरायची, दोन्ही बाजूंनी आळीतल्या दोघींनी बखोटीला धरायचं. आईनं मान डोलावली.

भैरोबाच्या यात्रेच्या सकाळी पहिल्याच दंडवताला तिनं दोघींचे हात झटकले. हलगी वाजत होती. ती गुडघे टेकायची, पालथी व्हायची, आणि तिचं अंग जमिनीला लागलं की मी हलगीच्या आवाजापलीकडं कान लावायचे. कसला आवाज ऐकायचा होता मला, ते माझं मलाच माहीत. ओलं लुगडं पायांत घोटाळत होतं. चढावर तिचा श्वास लागला, पण थांबली नाही. देवळाच्या पायरीला कपाळ टेकून ती उठली तेव्हा बायका तिच्या पाया पडल्या. भाऊ माझ्याकडं बघून हसला. शेजारच्या काकूंची हाडं मीच मोजली होती. त्या म्हणाल्या, आता आमालाबी तुजं औषध नगं बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा ठेवायला उठली. भिंतीला हात लावत चालली होती. विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई, जांघंत जरा वढ बसलीया. अंग आंबलंय."

 खुबा मोडलेल्या बायकांची घरं धुंडाळताना सुनांच्या तोंडून हे मी कितीदा ऐकलंय, आधी जांघेत ओढ बसली होती म्हणून. बाई पडते म्हणून हाड मोडतं, असं सगळे समजतात. काही जणींचं आधी तडकतं, त्या त्याच्यावर चालत राहतात, आणि मग उभ्या उभ्या खाली येतात.

मी तिला तिथंच आडवं केलं. गाडी बोलावून सीटवर झोपवून साताऱ्याला नेलं. एक्स-रे काढला. एक्स-रेत काही नव्हतं. भावानं मोठा श्वास सोडला आणि घरी निघायची तयारी केली. बारीक तडा एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, मोठ्या मशीनमध्ये बघावं लागेल, त्याची पाळी उद्या आहे, तोवर पाय खाली टेकायचा नाही, हे मी त्याला सांगत होते. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष त्या काळ्या फिल्मवर होतं.

"फोटूत न्हाई, तर मग कुटं हाय?" आई म्हणाली आणि हसली. मग कॉटच्या कडेला सरकून तिनं पाय खाली सोडले. तिला मोरीला जायचं होतं.

मी वाकून तिचे दोन्ही पाय धरले, उचलून पुन्हा गादीवर ठेवले आणि लघवीचं भांडं मागवलं. माझी आई अशा गोष्टीला कधी तयार व्हायची नाही. या वेळी तिनं ते सरकवू दिलं. पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडं मान वळवली. चादरीखाली हात घालून ती जांघ दाबून धरत होती.