तपासणी पूर्ण

फिल्टरमधून कॉफीचं दाट डिकॉक्शन ठिबकू लागलं की त्या वासाने मी अजूनही म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या वसुधाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. वसुधा माझी ऑफिसातली सहकारी, तिचं घराणं कित्येक पिढ्या तिथे राहून तिथलंच झालेलं. आम्ही दोघींनी प्रोग्रामिंगच्या एका फंक्शनल भाषेत शहराच्या वीजवापराचे आकडे बेरीज करून तपासणारा प्रोग्राम लिहिला होता. तो दुसऱ्या दिवशी ग्राहकाला दाखवायचा होता.

तो कंपाइल व्हायला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरायला, इतका वेळ लागला की तेवढ्यात कॉफी पिऊन झाली. शेवटी फाइल तयार झाली. मी ती चालवली, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर आलं, ‘तपासणी पूर्ण’. मी टाळीसाठी हात पुढे केला. वसुधाने दिली नाही.

“अय्यो, एवढ्या लवकर? सुम्ने, उगाच म्हणतोय तो,” असं पुटपुटत तिने आकड्यांच्या जागी मुद्दाम भाज्यांची नावं घातली. पुन्हा तेच, ‘तपासणी पूर्ण’.

ती भाषा मुळातच आळशी. ज्याचं उत्तर कुणी मागत नाही, ते काम ती करतच नाही, आणि आम्ही बेरीज दाखवायला सांगितलंच नव्हतं. ते सांगून पुन्हा कंपाइल केल्यावर लॅपटॉपचा पंखा घरघरला आणि प्रोग्राम पहिल्याच वांग्यावर कोसळला. तेव्हा मला वसुधाचा रागच आला होता.

आज डिकॉक्शन ठिबकत असताना पुण्याला आईला फोन लावला. “बरी आहेस ना?”

“बरी आहे,” ती लगेच म्हणाली.

एवढ्या लवकर?

“सकाळची गोळी कुठल्या रंगाची घेतलीस?” मी विचारलं.

पलीकडे पंखा घरघरत होता; त्यातून गोळ्यांचं पाकीट फाडल्याचा आवाज आला.