कार्बन पेपरची नळी आणि आप्पांचा सवाल

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, कोणतीही गोष्ट समजून घेतल्याशिवाय घरात येऊ देत नसत. नेकनूरला आमचं किराणा दुकान. रंगीत टीव्ही घेतला तेव्हा बीडहून आलेल्या माणसाला तासभर बसवून त्यांनी रिमोटचं एकेक बटण विचारलं होतं. बिचारा चहा न घेताच पळाला.

त्यामुळे एम.एस्सी. झाल्यावर मला पुण्यात संशोधनाला जागा मिळाली, तेव्हा अटही ठरलेलीच होती. आप्पा म्हणाले, "काय शिकनार ते मला समजलं पायजे. समजलं तर जा. न्हाई तर आपलं अंबाजोगाईला पोरं शिकीव."

विषय होता कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा. आत औषध भरायचं आणि विजेच्या इशाऱ्यावर हवं तेव्हा, हवं तेवढंच बाहेर सोडायचं. आता हे दुकानात कसं सांगायचं? मी बिलबुकातला कार्बन पेपर गुंडाळून नळी केली, एक टोक दुमडलं, आत साखर भरली आणि दुसऱ्या तोंडाला गुळाचं बूच लावलं. हात काळे झाले, नाकही.

"ही नळी केसाहून हजारो पट बारीक समजा, आप्पा. वीज दिली की ती तापती, गूळ वितळतो, साखर भाईर. हवं तेव्हा, हवं तेवढंच."

आप्पांनी ज्वारीची वानगी पाहावी तशी नळी हातात फिरवून पाहिली. आता ते विचारणार, लाइट गेली तर? आमच्याकडे ती रोजच जायची, म्हणून मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. बॅटरी!

"उघडायचं समजलं," आप्पा म्हणाले. "बंद कसं करायचं?"

"म्हंजे?"

"हवं तेवढंच म्हनलीस ना? एकदा गूळ वितळला की समदीच साखर सांडंल की."

सामान घ्यायला आलेल्या दोघी बायकाही पिशव्या खाली ठेवून माझ्या उत्तराची वाट बघू लागल्या. काहीतरी ठोकून द्यावं असं फार वाटलं, पण आप्पांपुढे थाप टिकत नसे. पुणं गेलं, असं मनाशी म्हणून मी खरं सांगून टाकलं.

"माहीत न्हाई, आप्पा."

"मंग जा," ते म्हणाले. "समदंच येत असतं तर कशाला धाडलं असतं तुला?"

महिनाभर मी भांडणाची तयारी केली होती. त्यातलं एक वाक्यसुद्धा वापरायला मिळालं नाही, याचा इतका राग आला की मी त्या दोघींसमोर ढसाढसा रडले.