जाड पातळ दाखवा!

कापडाच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी उरतात. चिंध्या आणि किस्से! चिंध्या संध्याकाळी पोत्यात भरता येतात. किस्से मात्र डोक्यातच राहतात, आणि थान उलगडावं तसे एकामागून एक बाहेर पडतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जयेंद्रगंजातल्या एका दुकानात मी थानं उलगडायच्या कामाला होतो. संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता, आणि तोही किती दिवस टिकतो याची चर्चा गिऱ्हाइकं गादीवर बसून करायची. मी तसा चारचौघांत बोलत नाही. पण कापडाचा विषय निघाला की मित्र म्हणतात, "बबन, तो पातळाचा सांग ना!"

*

तो किस्सा मी कामाला लागायच्या आधीचा. दुकानाच्या मालकांनी, सेठजींनीच मला सांगितला.

एकदा मोहित्यांच्या आत्याबाई दुकानात आल्या. मोहिते म्हणजे जुनं फौजेतलं मराठा घराणं. घरात कडक गोषा, तरुण बायका परक्या पुरुषासमोर यायच्या नाहीत. आत्याबाई वयानं मोठ्या, विधवा. म्हणून बाहेरचं सगळं त्याच बघायच्या.

"भैयाजी, एक पातळ दिखाओ," त्या म्हणाल्या.

आपल्याकडे पातळ म्हणजे साडी. सेठजींना ऐकू आलं 'पतला'. त्यांनी सगळ्यात तलम मलमलीची साडी काढली.

"ये नहीं! जाड पातळ दिखाओ!"

सेठजींना वाटलं, जाडा म्हणजे थंडी. ते काळजीनं म्हणाले, "बहनजी, जाडे में पतला? सर्दी हो जाएगी!"

आत्याबाईंनी साडीच्या पदराखाली हात घालून बघितला. पाची बोटं लख्ख दिसली.

"शिव शिव! हे नेसू, का यातून पीठ चाळू?"

त्या दिवशी सेठजींनी ठरवलं, दुकानात एक मराठी माणूस पाहिजेच. माझी शाळा सातवीतच सुटली होती. बिर्लानगरला गिरणीच्या फाटकाशी बदलीच्या कामासाठी मी रोज उभा राहायचो. तिथून इथं आलो.

*

गोषातल्या घरी कापड घेऊन जायचं, हे माझं मुख्य काम.

मोहित्यांच्या आतल्या दाराला जाड निळा पडदा होता. अलीकडे मी आणि आत्याबाई. पलीकडे त्यांची भाची. तिचं नाव तारा, हे मला आत्याबाईंच्या हाकांवरून कळलं. आत्याबाई प्रत्येक कापडाखाली हात घालायच्या. बोटं मोजता आली की कापड नापास! पास झालं तर ते पडद्याखालून आत सरकवायचं.

पहिल्याच दिवशी आतून प्रश्न आला, "पक्का आहे का?"

रंगाचं विचारत होती. पण तो आवाज ऐकला आणि मी कापड विसरलो. मी म्हणालो, "हो, मी पक्का आहे."

आत कोणीतरी तोंडावर पदर दाबून हसलं. आत्याबाई म्हणाल्या, "तू आहेस ते कळलं रे पोरा! कापडाचं सांग!"

त्यानंतर मोहित्यांचं बोलावणं कधी येतं, याचीच मी वाट बघायला लागलो.

*

एका सरदार घराण्यातल्या आऊसाहेब दुकानासमोर गाडी थांबवायच्या, पण खाली उतरायच्या नाहीत. पूर्वी मोटार असायची. जहागीर गेली, मोटार विकली, टांगा आला. गोषा मात्र तसाच! टांग्याच्या चारी बाजूंना चादरी बांधलेल्या असायच्या. मी थानं न्यायचो, आतून हात यायचा, थान आत जायचं, नापसंत होऊन बाहेर यायचं.

एकदा भर उन्हात अर्धं दुकान टांग्यात जाऊन परत आलं. शेवटी मी विचारलं, "आऊसाहेब, नेसायला कसं हवंय म्हणता?"

"नेसायला कोणाला हवंय? या टांग्याच्या पडद्यासाठी बघतेय. लोकांना आमचं आता तेवढंच दिसतं!"

*

एक खाला होत्या. बुरख्याचं काळं कापड दर वर्षी आमच्याकडूनच न्यायच्या. जाळीतून त्यांना सगळं दिसायचं. कापड मापताना मी मान वर करत नाही, हेही! आणि रस्त्यावर मोहित्यांचा नोकर दिसला की मात्र मान आपोआप वर होते, हेही!

एक दिवस त्यांनी विचारलं, "मियाँ, किसके बुलावे का इंतजार रहता है?"

माझे कान तापले. हातातला मापायचा गज खाली पडला.

खाला सेठजींकडे वळून म्हणाल्या, "सेठ, ये कपडा इसी के नाप का काट दो. मुझसे ज्यादा बुरखे की जरूरत तो इस लडके को है!"

*

नायलॉन नवीन आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. मोहित्यांकडे जायला निमित्त! न बोलावताच मी एक नायलॉनची साडी घेऊन गेलो.

आत्याबाईंनी हात घालून बघितला. साडी काठावर पास झाली. पण त्यांना वेगळीच शंका आली. हे सोवळ्यात चालतं का? त्यांनी उपाध्ये गुरुजींना बोलावून घेतलं. पूजेला ओलेत्यानं बसायचं, म्हणून गुरुजींनी साडीचं टोक बादलीत बुडवलं, पिळलं, झटकलं. टोक कोरडं! पुन्हा बुडवलं. पुन्हा कोरडं!

गुरुजी हताश होऊन म्हणाले, "बाई, हिला सोवळं-ओवळं नंतर शिकवू. आधी हिला ओलं व्हायला तर शिकवा!"

पडद्यामागे तारा इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. तसं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. गोंधळात मी पुढे होऊन गुरुजींच्या पाया पडलो.

"मुलगा संस्कारी आहे हो!" गुरुजी म्हणाले.

*

मग मध्यभारतही मोडला. मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. कचेऱ्या निघाल्या, कपाटं निघाली, कारकून निघाले. गल्लीगल्लीत बांधाबांध सुरू झाली. दुकानात रेशीम पडून राहिलं आणि सामान गुंडाळायचं तरट संपलं.

सेठजी म्हणाले, "बबन, इतिहास में लिख लो. नया राज आया तो सबसे पहले टाट बिका!"

ताराचे वडील कचेरीत होते. त्यांचंही नाव भोपाळला लागलं. आत्याबाई तरट घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "दोन खोल्यांचं क्वार्टर आहे म्हणे. तिथं पडदा लावू कुठं, आणि गोषा पाळू कसा? दादा तर म्हणतो, पोरीला कॉलेजात घालू. जमाना बदलला, बाबा."

मी तरट मापत राहिलो. भोपाळला दूधवाला तिला बघणार. पोस्टमन बघणार. कॉलेजातली सगळी पोरं बघणार. एवढी वर्षं पडद्यापाशी बसून न बघितलेला मी तेवढा राहिलो!

सेठजी ओरडले, "अरे, कितना नापेगा? भोपाल तक बिछाना है क्या?"

*

निघायच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी टांगेवाल्याबरोबर निरोप पाठवला. तारासाठी प्रवासात नेसायला एक पातळ पाठवा, बबनलाच पाठवा. मी नेमका माल आणायला दाल बाजारला गेलो होतो. टांगेवाल्यानं सेठजींना सांगितलं, "एक पतला मँगवाया है." सेठजींनी बांधून ठेवलं. मी आलो, पुडकं उचललं आणि पळत सुटलो.

मोहित्यांचं घर ओळखू येईना. सगळीकडे तरटात बांधलेलं सामान. आतल्या दारावरचा निळा पडदाही काढून कशाला तरी गुंडाळलेला. आत्याबाई दारात ट्रंकेवर बसल्या होत्या. एवढ्या वर्षांत मोतीबिंदूनं त्यांचे डोळे गेल्यातच जमा होते.

"आलास? आण इकडे. तारे, पडदा नाहीये, तू भिंतीआडच राहा गं." त्यांनी घडी चाचपली. "मला आता बोटं काही दिसत नाहीत. तू असं कर. एक टोक तू धर, दुसरं तिला दे. दारात आडवं ताण. ती पलीकडे उभी राहील. तू सांग, दिसतं का ते."

भिंतीआडून एक हात आला. मी टोक दिलं. साडी दारात ताणली गेली.

मलमल! तीच, पीठ चाळायची.

तारा साडीच्या पलीकडे येऊन उभी राहिली. तिच्या बाजूलाच खिडकी होती, आणि चेहऱ्यावर सकाळचं ऊन. कानातल्या कुड्या दिसत होत्या. भुवईवरचा एक बारीक व्रण दिसत होता. ती नजर खाली करत नव्हती. मीही, पहिल्यांदाच, केली नाही.

"काय रे?" आत्याबाईंनी विचारलं. "दिसतं का काही?"

"नाही, आत्याबाई," मी म्हणालो. "काही दिसत नाही."

"मलाही इकडून काही दिसत नाही," पलीकडून तारा म्हणाली. "आत्या, हेच घे."