बूशैबचा न मावळणारा दिवस

बूशैबनं उभी हयात कासाब्लांकात शहर बस चालवण्यात घालवली. रमझानात संध्याकाळची फेरी त्याच्याकडे असली, की थांब्यावरचे लोक खिडकीतून खजूर पुढे करायचे. पण बांग कानावर पडल्याशिवाय यानं तो कधी तोंडात टाकला नाही. साखरेचा आजार जडल्यावर डॉक्टर म्हणाला, रोजे बंद. यानं डॉक्टर बदलला. कुठं वाद घालायचा नि कुठं वाडगाभर हरीऱ्याचं गरम सूप पुढे ठेवून गप्प बसायचं, हे त्याच्या बायकोला, मीलूदाला, एव्हाना पाठ झालं होतं.

मॉन्ट्रियलला मुलाकडे, अनवारकडे, नात झाली. सातव्या दिवशी नाव ठेवायला आजोबा हवेतच. तिकीट एकाचंच जमलं.

तो निघताना मीलूदा म्हणाली, "अहो, प्रवासात रोजा माफ असतो. मागाहून भरून काढा की."

"साडेसात तास नुसतं बसायचंय. गाडी तर दुसराच हाकणार! बांग झाली की तू इथं खा, मी वर खातो. साडेपाच हजार किलोमीटरची पंगत म्हणायची!"

तिलाही ते पटलं.

संध्याकाळी शेजारची झोहरा मधातल्या तिळाच्या चकल्या घेऊन आली. बांग झाली. मीलूदानं खजूर खाल्ला, हरीऱ्याचा पहिला घोट घेतला, तोच अनवारचा फोन.

"आई, बाबांनी रोजा धरलाय?"

"धरला होता. आत्ता सोडला असेल."

"कुठले सोडतायत! विमान सूर्याच्या मागंमागं पळतंय. त्यांच्या खिडकीत अजून लख्ख ऊन आहे. इथं उतरतील तेव्हाही असणार."

मीलूदाच्या हातातला चमचा खाली आला. पहाटे इन्शुलिनची सुई तर त्यानं तिच्यासमोर टोचून घेतली होती, आणि सुईवर उपाशी राहिलं की साखर झपाट्यानं उतरते.

"विमानात निरोप धाड ना कुणाला तरी!"

"केला होता फोन. म्हणतात, असा निरोप पोचवता येत नाही."

झोहरा म्हणाली, "खाईल गं. आमचा बघ, बांगेच्या आधी तासभर भांड्यांची झाकणं उचलत फिरतो."

"तुझा खाईल. माझा सूर्याकडे डोळे लावून बसेल."

"शेजारी कुणी शहाणा असेल, तो समजावेल."

"शहाण्यांशीच तर यांचं भांडण असतं."

झोहरा नमाजाला गेली. मीलूदा फोन मांडीवर घेऊन बसली. शेजारी असती तर रागावून, रडून, कसंही करून तिनं खजूर त्याच्या तोंडात कोंबला असता. हरीऱ्यावर साय धरली.

विमान उतरल्यावर अनवारचा फोन आला. "भेटले, आई. घामानं निथळतायत. बाकावर बसवलंय, डॉक्टरला बोलावलंय."

"रस पाज आधी!"

"हातात दिलाय. पीत नाहीत. काचेतून ऊन दाखवतायत."

"कानाला लाव फोन. अहो, ऐकताय ना? प्या तो रस!"

"जेवलीस ना तू?" जीभ जड झाली होती.

"जेवले. तुम्ही प्या."

"थोडंच राहिलंय गं..."

"अहो! अहो!"

पलीकडे नुसता गलका. मग अनवार; डॉक्टर आला होता, पण बाबा डोळे उघडत नव्हते.

"अनवार, किती वर आहे रे सूर्य?"

"इमारतींच्या वर. हातभर."

मीलूदाच्या खिडकीत केव्हाचा काळोख होता. ती उठून तिथं उभी राहिली आणि दुसऱ्या गावचं ते हातभर ऊन खाली जायची वाट पाहू लागली.