सुकाणूवर कोण

बोटीच्या तळाशी पाणी कुणी ओतत नाही, तरी सकाळी उपसावं लागतंच. आमच्या बोटीचे किस्से असेच साचलेत. उपसून माझे हात दुखले, ते काही आटत नाहीत.

बोट शिडाची, निव्वळ हौसेची. आमचे हे आणि रोह्याचे वसंतराव धाटावच्या कंपनीतून रिटायर झाले आणि पेणजवळच्या खाडीत ही हौस बांधून बसले. मी शाळेत गेलेली नाही. दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. तरी बोटीचं लॉगबुक मीच लिहिते, त्याला कारण आहे.

आधी वसंतराव लिहायचे. रोज एकच ओळ, ‘सर्व ठीक.’ शीड उभं फाटलं त्या दिवशीही ‘सर्व ठीक.’

“आणि शीड फाटलं ते?” मी विचारलं.

“वहिनी, शिफ्ट सुटताना सर्व ठीकच लिहायचं. नाहीतर पुढचा माणूस घरी जाऊ देत नाही.”

पेन तेव्हाच काढून घेतलं.

एकदा ओहोटीला चिखलात रुतलो. मिठागराच्या बांधावरून एक बाई ओरडली, “गो म्हातारे, भात लावायला आलीस का काय?” मी लिहिलं, ‘भरती येईपर्यंत चिखलात. कारण: दोन पुरुष, दोघांनाही वाट माहीत.’

वसंतरावांचे जावई पुण्याहून आले. त्यांनी ऐटीत लिहिलं, ‘अविस्मरणीय अनुभव.’ मी खाली लिहिलं, ‘दोन्ही बाजूंना ओकले.’

लॉगबुकात एक रकाना आहे, ‘सुकाणूवर कोण’. तिथे यांचं नाव असलं की यांना दोन घास जास्त जातात. मग डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले.

वसंतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, “आता त्याला सुकाणू सोडायला सांगा. तुमचंच ऐकतो.”

“मी नाय सांगणार,” मी म्हटलं. “तुमची अर्धी बोट हाय, माझा अख्खा नवरा हाय.”

मग मी पुढे बसून डावं-उजवं सांगू लागले. हे म्हणायचे, “दिसतंय मला.” हात यांचाच होता, रकान्यात नाव यांचंच लिहीत गेले. घसा मात्र माझा बसायचा.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी शीड वाऱ्याविना ओल्या लुगड्यासारखं लोंबत होतं. वसंतराव पुढे पाठ करून वल्ही मारत होते. मी चहा ओतत होते. हे सुकाणूवर.

“समोर खुंट आहे,” हे म्हणाले. “दिसतोय मला. जाईल बाजूने.”

मी मान वर केली. खुंट होडीत उभा राहून जाळं झाडत होता.

चहा सांडला. यांचा हात ढकलून मी सुकाणू ओढलं. होडीला घासून गेलो. कोळी शांतपणे म्हणाला, “काका, माणूस हाय मी.”

धक्क्यापर्यंत सुकाणू माझ्याच हातात होतं.

नांगर टाकल्यावर हे म्हणाले, “वही दे गो.”

यांनी ती वही कधी हातात घेतली नव्हती. नाक टेकेल इतकं वाकून लिहिलं. अक्षरं तीन-तीन ओळींवर सांडलेली.

‘वारा फार. सुकाणू बायकोकडे दिलं.’

वसंतरावांनी वाचलं आणि वही माझ्यापुढे धरली. मी खाली सही केली.