राखून ठेवलेलं कडवं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वाकडं. चौथीनंतर वही हातात आलीच नाही. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते. मुलीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांत धवलेरी आजीबद्दल लिहिते आहे.

धवलेरी म्हणजे आमच्यात लग्न लावणारी बाई. ती गाते आणि लग्न लागतं. आमच्या पाड्यातली धवलेरी आजी लग्नाशिवाय एक ओळही गात नसे. शेतावर नाही, जत्रेत नाही, नातवंडाला झोपवतानाही नाही. एकदा शाळेतल्या बाई कार्यक्रमाला बोलवायला आल्या, तर तिने विचारलं, "नवरा-नवरी कोण?" बाई 'कोणी नाही' म्हणाल्या, तशी ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. दुसऱ्या धवलेरी असा हट्ट धरत नाहीत. तो हिचा एकटीचा होता.

मला ती 'मुकी' म्हणायची, कारण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

मी तेव्हा बोर्डीला एका चिकूच्या वाडीत, मालकाच्या बंगल्यावर स्वयंपाक करायचे. तिथे मुंबईची चार मुलं महिनाभर राहायला आली. त्यांचा बँड होता आणि त्यांना पहिला अल्बम करायचा होता. भिंतींना गाद्या टेकवून ती दिवसभर वाजवायची. त्यांच्यातला गाणारा ओजस. गाताना नुसता ओरडायचा आणि जेवताना मीठ मागायचं तरी आवाज निघत नसे. एकदा भाजी चिरताना मी लग्नाचं गाणं गुणगुणत होते, तर हा दारात उभा. मी विळी तशीच टाकून आत पळाले आणि दाराआडून सांगितलं, "माझं काही खरं नाही. खरं आमची आजी गाते."

दोन दिवसांनी तो माझ्याबरोबर तलासरीच्या बसने पाड्यात आला.

"कसला बाजा तुमचा?" आजीने विचारलं.

"ऑल्टरनेटिव्ह रॉक."

"म्हणजे काय रे?"

ओजसने डोकं खाजवलं. "म्हणजे आजी, जे लग्नात वाजवत नाहीत ते."

"मग माझ्याकडं कशाला आलास? मी लग्नातच गाते."

तो हसला, पण उठला नाही. अल्बमचं शेवटचं गाणं तिच्या आवाजात हवं, असं त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी आजी म्हणाली, "लगीन आण, गाते." तो म्हणाला, लग्न कुठून आणू? तिने माझ्याकडे बोट केलं. "या मुकीचं लावायचं राहिलंय."

ते खरं होतं. मी आणि लहानू अकरा वर्षं एकत्र राहत होतो, मुलगी नऊ वर्षांची झाली होती. आमच्यात असं चालतं. पैसे जमले की मागाहून लग्न लावतात. आमचे जमतच नव्हते. कोणी टोचून बोलत नसे, पण दुसऱ्याच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर लग्नाच्या चित्राचा चौक काढायला बसल्या की मला त्यांच्यात बसता येत नसे, मी हंडा घेऊन पाण्याला जायचे.

ओजस म्हणाला, खर्च आम्ही करू. आजी म्हणाली, "फुकट नको. उसने दे. बाजावाल्याच्या पैशाचं लगीन बाजावाल्याचं होतं, यांचं नाय होत." तीस हजार उसने घेतले.

लग्नात त्यांनी मांडवाच्या खांबाला माइक बांधला. आजीने त्यालाही हळद लावली. "एवढा कान देऊन बसलाय, वऱ्हाडीच म्हणायचा." ड्रमवाल्याला तिने दम भरला, "तू मधे बडवू नको हां." मग दिवा लावून ती गायला लागली. मी इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी ऐकलेलं ते सगळं माझ्यासाठी होतं. पण शेवटचं कडवं आलं तशी ती थांबली.

"हे राखून ठेवलंय," ती म्हणाली. "पैसे फिटले का गाईन."

लहानूची मान खाली गेली. जेवणं झाली, ताडी झाली, माणसं गेली. माझं लग्न एका कडव्याने अपुरं राहिलं.

अल्बम निघाला. मुलीने फोनवर लावून दाखवला. आजीच्या आवाजाभोवती त्यांनी गिटारी वाजवल्या होत्या. आजी कान देऊन ऐकत राहिली. "मी विहिरीत पडलेय नि वरून कोण पत्रे टाकतंय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण पोरांनी सूर नाय सोडला." गाणं मधेच तुटतं. ओजस म्हणाला, शहरातल्या लोकांना तेच फार आवडलं, त्यांना वाटतं ते मुद्दाम केलंय.

"त्यांना काय ठाऊक," आजी म्हणाली, "तीस हजार बाकी हाय ते."

तो चार-सहा महिन्यांनी यायचा, तेव्हा आम्ही जमतील तेवढे पैसे परत द्यायचो. दरवेळी म्हणायचा, "ताई, राहू द्या ना." आजी त्याला अंगणात बसवून नोटा मोठ्याने मोजायला लावायची. "गाताना आवाज निघतो, मोजताना नाय का निघत?"

तिसऱ्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. चार हजार राहिले होते. मी भीतभीत म्हटलं, "आजी, गा ना आता. चारच राहिलेत."

"चार राहिले म्हणजे फिटले का गो?"

मला रडू आलं. ती गेली तर ते कडवं तिच्याबरोबर जाणार होतं. तिने मला जवळ बसवलं आणि कडव्याचे शब्द सांगितले. नुसते बोलून, चाल न लावता. माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतले. "चाल तुला येते," ती म्हणाली. "चोरून शिकलीस ती मला ठाऊक हाय. पण पैसे फिटायच्या आधी गायचं नाय." आठ दिवसांनी ती गेली.

त्यानंतर मी आणि लहानूने वाडीत चिकूच्या तोडणीवर जादा दिवस भरले. ओजस आला तेव्हा मी चार हजार त्याच्या हातात दिले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी तो मोठ्याने मोजायला लागला, गातो त्या आवाजात. शेजारची कुत्री भुंकायला लागली. मोजून झाल्यावर 'तीस हजार फिटले' म्हणत त्याने नोटा जमिनीवर ठेवल्या आणि गाणं टिपायला खिशातून फोन काढला. मी नको अशी मान हलवली. त्याने तो परत ठेवला.

मी दिवा लावला. लहानू शेजारी येऊन बसला. मी गायले. दोनदा आवाज फुटला, तिथे थांबून परत घेतलं.

"झालं?" लहानूने विचारलं.

"झालं."

मग ओजसने नोटा उचलून खिशात घातल्या.